नाणेघाटाला उतरायचे कुठे?

कल्याणहून घाटावर जायला आज तीन मोठे मार्ग आहेत. रेल्वे १८५४ साली कल्याणला पोहोचली आणि पुढे तिला दोन फाटे फुटले. एक फाटा बोरघाटातून पुण्याकडे गेला. हा घाट १८६३ साली खुला झाला. दुसरा थळघाटातून नाशिककडे गेला, तो १८६५ साली. तिसरा मार्ग मोटारीचा. मुरबाड, माळशेज, ओतूर, आळेफाटा करीत तो अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला जातो. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे दिवाळीला, लग्नाला, मयतीला याच रस्त्याने गावी जातात.

या तिन्ही मार्गांच्या आधी एक चौथी वाट होती. ती सोपाऱ्याच्या बंदरातून निघून कल्याणला येई, कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नरला जाई, आणि जुन्नरहून गोदावरीकाठच्या पैठणला व तिथून तेरला पोहोचे. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रावरचा माल बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर या वाटेने वर जाई, आणि देशावरचा माल खाली येई. पैठणच्या पुढेही वाट थांबत नसे. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरीचे सोळा शिष्य तथागतांना भेटायला निघतात. ते पैठणहून माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, साकेत करीत सावत्थीला जातात आणि तिथून पुढे राजगृहाकडे. सोपाऱ्यापासून सावत्थीपर्यंत वाटेला वाट जोडलेली होती.

या लांबलचक वाटेचा बराचसा भाग आज डांबराखाली, शेताखाली किंवा वस्तीखाली गेला आहे. एक तुकडा मात्र जसाच्या तसा उरला. तो म्हणजे ठाणे जिल्ह्यातील वैशाखरे गावापासून पुणे जिल्ह्यातील घाटघरपर्यंतची चढण. तिथे रूळ गेले नाहीत, मोटारही चढली नाही. रेल्वेने दोन बाजूंचे घाट घेतले, मोटारीने माळशेज घेतला, आणि नाणेघाट मध्येच पायवाट म्हणून राहिला. म्हणून तर तो वाचला. पण म्हणूनच तिथे पोहोचायचे कसे, हा प्रश्न गाडी नसलेल्या माणसाला पडतो.

आमचे गाव पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरच्या बाजूला. राहणे कल्याणला. पन्नास वर्षे आमच्या घरातील माणसे वैशाखऱ्यावरून गेली, पण कोणी तिथे उतरले नाही. यंदा हिवाळ्यात आम्ही उतरायचे ठरविले. आम्ही नऊ जण होतो. दोन भाऊ, दोन्ही भावजया, बहीण, तीन मुले आणि आई.

आईमुळेच सगळा विचार करावा लागला. आईचे वय त्र्याहत्तर. गुडघ्यांनी कधीच असहकार पुकारला आहे. घरच्या जिन्याला ती कठड्याला धरून चढते. तीन तासांची चढण तिला जमणार नव्हती. "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," असे ती म्हणाली. पण नाणेघाट बघायचा तर तो आईनेच बघायला हवा, असे आम्हा सर्वांना वाटत होते. १९७२च्या दुष्काळात ती विशीची होती. गावाकडे खडी फोडण्याचे काम निघाले होते. दिवसभर उन्हात बसून ती खडी फोडी, पाट्या वाही, संध्याकाळी मुकादमाकडे हजेरी लावी. नंतर घरच मुंबईकडे आले. पण ज्या रस्त्यासाठी तिने खडी फोडली, तो रस्ता आजही वापरात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा रस्ता कसा बांधला होता, हे आमच्यापेक्षा तिला जास्त कळणार होते.

म्हणजे नाणेघाटाला खालून पायवाट आणि वरून गाडीरस्ता, अशी दोन्ही दारे शोधणे आले.

आम्ही चौकशी सुरू केली. कोणी म्हणाले, "माळशेजला उतरा, तिथून जवळच आहे." कोणी म्हणाले, "थेट जुन्नरलाच जावे लागते." एकाने तर घाटघर म्हणून भंडारदऱ्याची वाट सांगितली. इथे वाचकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. घाटघर नावाची गावे दोन आहेत. एक अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडे. तिथे वीज प्रकल्प आहे, आणि पर्यटकांत तेच जास्त प्रसिद्ध. नाणेघाटाचे घाटघर ते नव्हे. ते जुन्नर तालुक्यात, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. गाडीवाल्याला नुसते घाटघर सांगू नये, जुन्नरचे घाटघर असेच सांगावे.

मग नकाशा पसरला आणि एक गंमत लक्षात आली. खालचे दार आणि वरचे दार एकाच एसटीच्या वाटेवर आहे. कल्याणहून माळशेजमार्गे जुन्नरला जाणारी गाडी आधी वैशाखऱ्यावरून जाते. चालणाऱ्यांनी तिथे उतरायचे. न चालणाऱ्यांनी त्याच गाडीत बसून राहायचे, माळशेज चढून जुन्नर गाठायचे आणि जुन्नरहून दुसऱ्या गाडीने घाटघरवरून नाणेघाटाच्या माथ्यावर यायचे. सगळ्यांची भेट माथ्यावर. खालून चालण्याचे अंतर पाचेक किलोमीटर. गाडीचा वळसा ऐंशी-नव्वद किलोमीटरचा. आम्ही बेत केला तो असा.

सकाळी सहाच्या सुमारास आम्ही कल्याणहून निघालो. २०२३ सालापासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे बायका-माणसांचा खर्च बराच हलका झाला. शिदोरीला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी आणि कांदे होते. मुरबाडनंतर दोन्ही बाजूंनी भाताची कापलेली खाचरे सुरू झाली. टोकावड्यानंतर समोर सह्याद्रीची भिंत उभी राहिली. त्या भिंतीत उजव्या हाताला अंगठ्यासारखा एक सुळका पुढे आलेला दिसतो. त्याला नानाचा अंगठा म्हणतात. जिथे अंगठा तिथेच घाट. जुन्या काळच्या प्रवाशाला हीच पाटी होती. ती लांबूनच दिसते.

वैशाखरे गाव आले की उतरायची घाई करू नये. गाव मागे टाकून दोन-तीन किलोमीटर पुढे गेल्यावर, रस्त्याच्या उजव्या बाजूला नाणेघाटाची वाट फुटते. वाहकाला निघतानाच सांगून ठेवावे, म्हणजे तो गाडी थांबवतो. आम्ही तसे सांगून ठेवले होते. आठ वाजून गेले असतील. आम्ही सहा जण उतरलो. आई, धाकटी वहिनी आणि सर्वांत लहान पुतण्या गाडीतच राहिले. आईने खिडकीतून हात बाहेर काढून सांगितले, "जपून जा रं लेकरांनो, पाणी एकदम पिऊ नका." गाडी माळशेजकडे निघून गेली आणि आम्ही रानात शिरलो.

सुरुवातीची वाट सपाट आहे. कारवीची, ऐनाची, हिरड्याची झाडे लागतात. एक कोरडा ओढा ओलांडावा लागतो. पावसाळ्यात त्याला पाणी असते आणि दगड निसरडे होतात, तेव्हा लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांनी दिवाळीनंतरच यावे. ओढ्याजवळ वाटा फुटतात. तिथे आम्हाला लाकडाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या दोन ठाकर बाया भेटल्या. वाट विचारताच एकीने मोळी न उतरविता मानेनेच दाखविली. "दगड बसवलेला दिसंल तिथून जायाचं. माती दिसली म्हंजी चुकलं," असे ती म्हणाली. साऱ्या वाटेत याहून नेमकी खूण आम्हाला कोणी सांगितली नाही.

खरेच तसे होते. चढ लागला तसे पायाखाली बसविलेले दगड दिसू लागले. काही ठिकाणी ते उखडले आहेत, काही ठिकाणी मातीखाली गेले आहेत, पण वळणावर आणि जिथे चढ अंगावर येतो तिथे नेमके टिकून आहेत. वाट सरळ अंगावर चढत नाही. आडवी-तिरपी घेत जाते. लादलेला बैल चढला पाहिजे, या हिशोबाने ती काढलेली आहे. पाठीवर दप्तर घेतलेली आमची मुलेही त्यामुळे फारशी दमली नाहीत. वर जाऊ लागलो तसे मागे मुरबाडचा मुलूख उघडा पडत गेला. मोबाईलला वाटेत रेंज भरवशाची नव्हती. त्यामुळे आईची गाडी कुठे आली, हे कळायला मार्ग नव्हता.

माथ्याच्या थोडे खाली कड्यात कोरलेली पाण्याची टाकी लागतात. अशाच एका टाक्याचा लेख इथे सापडला आहे. वासिष्ठीपुत्र चतरपण सातकर्णी राजाच्या तेराव्या वर्षी दामघोष नावाच्या एका गृहस्थाने टाके दान दिले, असे त्यात आहे. घाट चढून आलेल्या माणसाला सर्वांत आधी काय लागते, ते या गृहस्थाने ओळखले होते. महाडचे पाणी ज्यांच्या मनात आहे, त्या आपल्या वाचकांना अशा दानाची किंमत वेगळी सांगायला नको.

टाक्यांच्या पुढे मोठी गुहा आहे. चौकोनी, आत तिन्ही बाजूंना बसायला दगडी कट्टा. भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळीच ओळी. हा सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जातो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या लेखातील आकडे वाचून दाखविले. भारतातील अंकलेखनाच्या फार जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. आपण आज शाळेत गिरवितो त्या काही आकड्यांचे पूर्वज इथे भिंतीवर बसलेले आहेत. आमचा सातवीतला मुलगा बराच वेळ ओळखीचा आकडा शोधत उभा होता.

हा लेख काही बौद्ध लेख नव्हे, हेही सांगितले पाहिजे. राणीने केलेल्या वैदिक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापण यांची ती यादी आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. सिमुक सातवाहन, राणी नागनिका व सातकर्णी, राजपुत्र, आणि महारठी त्रणकयिर. पुतळे आज नाहीत. त्यांची नावे तेवढी वर उरली आहेत. पण याच सातवाहनांच्या काळात, कण्ह राजाच्या अमलाखाली नाशिकला श्रमणांसाठी लेणे कोरले गेले. पुढे गौतमी बलश्री या राजमातेने तिथेच भिक्खूंना लेणे दान दिले. घराणे एक, पण वाटेवर सगळ्यांची वर्दळ होती.

गुहेपासून वर एक अरुंद खिंड आहे. दोन्ही बाजूंना उंच कडा, मधून दगडी फरस घातलेला चढ. ती चढून गेले की एकदम मोकळे पठार. खिंडीच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. येणारे-जाणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकीत, आणि म्हणून हा नाणेघाट, असे लोक सांगतात.

आम्ही वर पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. रांजणाजवळ आई नव्हती. जीपच्या थांब्याकडे जाऊन पाहिले, तिथेही नाही. मोठा भाऊ काळजीत पडला. जुन्नरला गाडी मिळाली नसेल का, माळशेजला काही झाले असेल का, असे प्रश्न सुरू झाले. घाटघरच्या एका महादेव कोळी बाईने तिथे ताकाचे आणि शेंगांचे छोटे दुकान मांडले होते. ती म्हणाली, "बसा निवांत. जुन्नरची गाडी म्हंजी मागंपुढं व्हायचीच." आम्ही बसलो, पण निवांत कोणी नव्हते. वीसेक मिनिटांनी धुरळा उडवीत एक जीप आली आणि पुढच्या सीटवर पदर डोक्यावर घेतलेली आई दिसली.

हिशोब केला तर नवल वाटले. आम्ही पाच किलोमीटर पायी चढलो. आई ऐंशी-नव्वद किलोमीटर गाडीत बसून आली. माळशेजचा घाट, मढ, डिंगोरे, जुन्नर, तिथून चावंडच्या बाजूने घाटघर. आणि आमच्या पोहोचण्यात फरक वीस मिनिटांचा. ज्यांनी ही वाट शोधली त्यांच्याजवळ मोटार नव्हती, नकाशा नव्हता, पण सह्याद्रीच्या भिंतीत नेमकी फट कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते.

जेवण झाल्यावर आई म्हणाली, "मला तो रस्ता दाखवा." एका बाजूने मुलगी, दुसऱ्या बाजूने नातू, असे करीत तिला आम्ही खिंडीत उतरविले. चार पावले, मग बसणे, पुन्हा चार पावले. गुहेपर्यंत ती पोहोचली. पण गुहेत जाण्याआधी ती फरसावरच बसली आणि दगड हाताने चाचपू लागली.

"ह्यो दगूड इथलाच हाये," ती म्हणाली. "वरून न्हाई आणला. कडा फोडली आन तोच खाली बसवला. आन बघ, मोठा दगूड कडंला घातलाय, बारका मधी. पाणी आलं तरी कड ढासळत न्हाई. आमचा मुकादम बी असंच सांगायचा, पण ऐकायचं कोण?" मग कड्यावरच्या छन्नीच्या खुणांवर बोट ठेवून तिने विचारले, "हितं कुणाकुणाची नावं लिवलीत?"

आम्ही सांगितले. राजाचे, राणीचे, राजपुत्रांचे, महारठीचे.

"आन फोडणाऱ्याचं?"

त्याचे नाव तिथे नाही. आम्ही तसे सांगितले. ती काही बोलली नाही. तिने खडीची हजेरी लावली होती, ती वहीसुद्धा आज कुठे असणार?

पण हा प्रश्न तिथेच सोडून उठावे असे आम्हाला वाटले नाही. याच वाटेच्या दोन्ही टोकांना त्याचे अर्धे उत्तर आहे आणि ते आम्ही तिला जुन्नरला दाखविले. रात्री जुन्नरला पाहुण्यांकडे मुक्काम केला आणि सकाळी लेण्याद्रीला गेलो.

जुन्नरच्या भोवती चार बाजूंना डोंगर कोरलेले आहेत. तुळजा लेणी, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री मिळून लहान-मोठी दोनशेच्या आसपास लेणी आहेत. एवढी लेणी एका गावाभोवती का, याचे कारण नाणेघाट. वाटेने माणसे आली, माणसांबरोबर भिक्खू आले, पावसाळ्यात वर्षावासाला निवारा लागला, आणि वाटेवर पोट भरणाऱ्यांनी तो दिला. लेण्याद्रीला आज सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती आहे, आणि बहुतेक माणसे पायऱ्या चढून तिथे दर्शन घेऊन परत फिरतात. त्यांचा तो श्रद्धेचा भाग. पण ते लेणे म्हणजे भिक्खूंचा विहार. भोवतालच्या खोल्या आजही दिसतात. आणि त्याला लागूनच सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. आत स्तूप उभा आहे. तिथे मात्र पाच मिनिटेही गर्दी नव्हती.

त्या चैत्यगृहावर लेख आहे. हे दान कोणाचे? कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे. हेरणिक म्हणजे सोन्याचे काम करणारा. आई पायऱ्यांच्या पायथ्याशी सावलीत बसली होती. खाली येऊन आम्ही तिला हे सांगितले तेव्हा ती चटकन म्हणाली, "कल्याणचा? आपल्या कल्याणचा?" होय, आपल्याच कल्याणचा. तोही आमच्यासारखाच कल्याणहून निघून नाणेघाट चढून इथे आला असेल, नाहीतर त्याचा पैसा तरी त्या वाटेने आला असेल.

मग आम्ही तिला बाकीची नावे सांगितली. जुन्नरच्या एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले आहे. श्रेणी म्हणजे आजच्या भाषेत संघटना म्हणा. दुसऱ्या लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे, म्हणजे बुरडाच्या आणि कासाराच्या संघटनेवर लोक पैशाचा विश्वास टाकीत होते. इरिल आणि चिट नावाचे परदेशी यवन इथे येऊन गेले. एकाने टाकी दिली, दुसऱ्याने भिक्खूंना जेवायला भोजनमंडप दिला. नहपान क्षत्रपाच्या अयम नावाच्या अमात्याने मानमोडीवर मंडप आणि टाके दिले. अमात्य, परदेशी, सोनार, बुरूड, कासार, धान्यवाले, सगळे एकाच डोंगरावर शेजारी शेजारी आहेत.

आणि आईच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर वाटेच्या दुसऱ्या टोकाला, बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत आहे. तिथे कल्याणच्या नंद नावाच्या एका लोहाराचा लेख आहे. त्याने दान काय दिले? चैत्य नव्हे, विहार नव्हे. त्याने पायवाट दान दिली. वाट करून देणे हे दान होते, आणि ते करणारा हातोडा चालविणारा माणूस होता, आणि त्याचे नाव दगडावर कोरण्याइतके मोलाचे मानले गेले. हे ऐकल्यावर आई हसली. "लव्हारानं वाट दिली व्हय? मग बराबर हाये. छन्नीला धार त्योच लावनार."

नाणेघाटाच्या फोडणाऱ्यांची नावे आपल्याला मिळणार नाहीत. पण वाटेच्या एका टोकाला राणीची यादी आहे आणि दुसऱ्या टोकाला लोहाराची ओळ. आपल्या मुलांनी दोन्ही वाचाव्यात. राणीची ओळ पाठ्यपुस्तकात येते. लोहाराची ओळ दाखविण्याचे काम आपले आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. चालणाऱ्यांनी कल्याणहून पहाटेची गाडी धरावी आणि वैशाखऱ्याच्या पुढे वाटेच्या तोंडाशी उतरावे. चढायला अडीच ते तीन तास लागतात. माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. टाक्यांतील पाणी प्यायला धरू नये. चालता न येणाऱ्यांनी जुन्नर गाठावे. जुन्नर स्थानकातून घाटघरच्या बाजूला एसटीच्या मोजक्याच फेऱ्या असतात, तेव्हा परतीची शेवटची गाडी कितीला आहे हे आधी चौकशीच्या खिडकीवर विचारावे. पाच-सहा जण असतील तर जीप ठरवून घेणे बरे. जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे पैसे बोलून ठरवावेत. माथ्यावर कठड्याशिवायची कडा आहे. मुलांचा हात सोडू नये. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीच्या दिवशी फार गर्दी असते आणि माळशेजला दरडीही कोसळतात. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला मार्गशीर्ष-पौष चांगला.

वर घाटघरला जेवण सांगितले तर घरगुती पिठले-भाकरी मिळते. तिथली माणसे हिरडा गोळा करून आणि भात पिकवून राहतात. त्यांच्या चार पैशांत घासाघीस करू नये. प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणाव्यात. आणि गुहेच्या भिंतीवर, टाक्यावर, रांजणावर आपले नाव कोरू नये. तिथे नाव कोरण्याचा मान ज्यांचा होता त्यांना तो मिळालेला नाही. निदान त्यांच्या दगडावर आपण आपले नाव घालू नये.

गावी जाताना गाडी वैशाखऱ्यावरून जातेच. एकदा घरातल्या सगळ्यांनी मिळून बेत करावा. चालणाऱ्यांनी तिथे उतरावे, आणि ज्यांनी आयुष्यभर डोक्यावर ओझे वाहिले त्यांना खिडकीजवळची जागा देऊन वरच्या रस्त्याने माथ्यावर न्यावे. खिंडीतल्या फरसावर त्यांना बसवावे आणि दगड कसा बसविला आहे, ते त्यांनाच विचारावे.